जावयाचा मुक्काम गायरानात

मु. गोठवाडी, वेल्हे
(तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण माझा हात अजून वेल्हंच लिव्हतो)

ती. आक्का,

धाकट्या सुलूचा तुझ्या दोन्ही गुडघ्यांना हात लावून नमस्कार. पायाला लावला असता, पण तिथवर वाकले की माझीच कंबर धरती. इकडं सगळी खुशाल हायेत असं लिव्हायची रीत हाय म्हणून लिव्हलं. पुढचं वाचून झालं की ती ओळ ठेवायची का खोडायची ते तू ठरव. दाजींचा खोकला कमी हाय का? अडुळशाचा काढा देत जा, अन् बिडी लपवून ठेव. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम नातवाच्या हातात, अन् तू बोलतीस स्पीकर लावून. हितं मी शिंकले तर कामथडीच्या चौकात कुणीतरी 'सत्य' म्हणतं. ही गोष्ट चौकात जायची न्हाई. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्या अजहरच्या हाती हे पत्र धाडते. भोरचं पोरगं हाय, इमानदार हाय. तरी मी पाकीट भाताच्या शितांनी गच्च चिकटवलंय, इमान आपल्या जागी अन् शितं आपल्या जागी.

आक्का, आता खाली बसून वाच. मी अजून सावरलेली न्हाई. चहात मीठ टाकलं काल, अन् ह्यांनी ते तसंच पिलं, कारण त्यांचं पण डोकं ठिकाणावर न्हाई.

औंदा धोंड्याचा महिना जेठात आला, अन् रत्नाच्या लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच धोंडा. पहिल्या धोंड्याला जावई म्हंजे दारी आलेला नारायण, हे तुला मी काय सांगू. पण खरं सांगू का, मला नारायणापेक्षा माझी पोरगी पायजे व्हती. लग्नाला दोन वर्सं होत आली, पण रत्ना माहेरी येती ती सकाळच्याला, अन् दिवस मावळायच्या आत पुण्याला परत. उद्या मीटिंग हाय, परवा अजून काय हाय. एक रात माझ्याजवळ निजली न्हाई गं. म्हणलं धोंड्याच्या निमित्तानं दोन दिस ठेवून घ्यायची, मग जग बुडू दे. म्हणून घर रंगवलं, नवी गादी केली, कूलर आणला. ह्यांनी तर जावयासाठी खास इंग्रजी संडास बांधला, खुर्चीवानी बसायचा. त्याला पाणी जोडल्यापास्नं घरातल्या कुणाला आत पाऊल टाकू दिलं न्हाई. पहिला मान जावयाचा म्हणले, अन् दाराला झेंडूची माळ लावली. (शेजारची ठकुबाई परवा आली तर तिनं देवघर समजून बाहेरूनच हात जोडले. मी काही बोलले न्हाई.)

अन् मग जावयाचा फोन आला. तुला ठाव हाय, स्वरूप जावई स्वभावानं गरीब. मूळची वरवे गावची माणसं, पण हे लहानपणापास्नं पुण्यात वाढलेले. मला मम्मी म्हणतात. पहिल्यांदा म्हणले तवा मी मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतात म्हणून. तर म्हणले, मम्मी, आम्ही येतो, धोंडे पण खातो, पण आमचा कॅम्पचा विचार चाललाय. कॅम्प! आक्का, आपल्याकडं कॅम्प दोनच असतात. एक मोतीबिंदूचा, अन् एक पोरं बंद करायच्या ऑपरेशनचा. जावयाचे डोळे चांगले हायेत. मी फोन घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसले. अजून पाळणा हलायचा पत्ता न्हाई, अन् हे आत्ताच कॅम्पला निघाले. सासूनं जावयाशी असलं बोलावं का, पण जीव राहिना. पदर तोंडाला लावून म्हणलं, बापू, एवढी घाई करू नका, आधी एक तरी होऊ द्या. तर जावई हसून म्हणले, एकानं काय होणार मम्मी, किमान दोन तरी लागतातच. तवा माझा जीव भांड्यात पडला. दोन म्हणतोय म्हंजे पोरगं शहाणं हाय. मग कळलं की ते रातींचं बोलत व्हते. दोन राती, तंबूत, उघड्यावर.

मग सगळा उलगडा झाला अन् तो आधीच्यापेक्षा वाईट निघाला. धरणाच्या कडंला ते रांगेनं तंबू लावतात, गाणी लावतात, कोंबडी भाजतात, तसलं न्हाई. तिथं तरी चार माणसं असतात, संडास असतो. जावयाला तसलं नकोच. त्यांना पायजे सरकारी मोकळी जागा, जिथं नळ न्हाई, दिवा न्हाई, दुसरा तंबू न्हाई, हाक मारली तर ओ द्यायला कुणी न्हाई. म्हणले, मम्मी, त्यातच मजा असते. मी ह्यांना सांगितलं तर ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली (माणूस गेल्याचं कळलं तरच काढतात). म्हणले, सरकारी जागेत दोनच जण राहतात, एक ज्याला घर न्हाई तो, अन् दुसरा अतिक्रमणवाला. आपला जावई ह्यातला कोण?

पुढच्या रविवारी जावई एकटेच आले, जागेची पाहणी करायला. रत्नाला म्हणं सुट्टी न्हाई. मोबाईलवर नकाशा, पाठीवर ही एवढी पिशवी. जेवायला सुद्धा बसले न्हाईत, आधी जागा म्हणले. ह्यांनी मग इस्त्रीचा सदरा घातला अन् सरकार दाखवायला घेऊन गेले. जंगल वनखात्याचं, तिथं परवानगीशिवाय मुक्काम न्हाई अन् उन्हाळ्यात काडी सुद्धा ओढायची न्हाई, ते जावयांनी सोडून दिलं. धरणाची जागा पाण्याची, तिथं चिखलाला भेगा पडल्यात अन् पलीकडनं गाणी ऐकू येतात, ते पण सोडलं. मग ह्यांनी आपल्या मनानं एकेक सुचवायला सुरुवात केली. शाळेचा व्हरांडा सरकारी हाय, फरशी गार लागती. देवळाचा सभामंडप गावाचा हाय. शेवटी म्हणले, एवढं सरकारीच पायजे तर ग्रामपंचायतीचं हापिस हाय की, तिथं पंखा पण हाय, मी किल्ली आणतो. जावई नुसते हसत व्हते. राहिलं ते आपलं वरचं गायरान, जांभळीच्या झाडापलीकडचं पठार.

तिथं जाताना जावई म्हणले, मम्मी, तुम्ही पण चला. मी सासू बाई, जावयाच्या मागं डोंगर चढायला मला कशाला नेता? पण आग्रहच धरला. चढताना सारखं विचारायचं, मम्मी पाय दुखतात का, मम्मी दम लागला का, मम्मी तुम्हाला रात्री गारठा सोसतो का. म्हणलं, किती वळणाचं पोरगं. वर गेल्यावर मात्र ह्या वळणाच्या पोरानं अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवं पडून डोळे मिटले. जागा सपाट हाय का ते बघायचं असतं म्हणं. एका ठिकाणी पडले, उठले, दुसऱ्या ठिकाणी पडले. खाली ज्ञानू गुरं राखत व्हता, त्यानं बघितलं अन् गावात जाऊन सांगितलं की कोंडिबा अण्णांचा जावई गायरानात चक्कर येऊन पडतोय, सारखा सारखा. गावाला तेवढंच पायजे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी नशीब म्हणलं असतं. पण जावयांनी पिशवीतनं एक छोटं फावडं काढलं. ह्यांना वाटलं तंबूभोवती चर काढायला, म्हणून कौतुकानं हातात घेऊन बघितलं. मग जावयांनी समजावून सांगितलं, अगदी मास्तर सांगतो तसं, की पाण्यापास्नं लांब जायचं, वीतभर खड्डा करायचा, त्यात उरकायचं, वर माती लोटायची, अन् कागद मात्र पिशवीत घालून आपल्याबरोबर पुण्याला न्यायचा, जागा घाण करायची न्हाई. आक्का, ह्यांनी ते फावडं असं खाली ठेवलं जसं काही ते तापलेलं व्हतं. तुला ठाव हाय ना, गाव हागणदारीमुक्त केलं ते ह्यांनी. गुड मॉर्निंग पथकाचे प्रमुख व्हते. कोंबडा आरवायच्या आधी बॅटरी अन् शिट्टी घेऊन झाडाझाडामागनं माणसं उठवली. सख्ख्या चुलत्याला सोडलं न्हाई. वेशीत पाटी लागली, पेढे वाटले. अन् आता त्यांच्याच घरात इंग्रजी संडास झेंडूची माळ घालून वाट बघतोय, अन् जावई फावडं घेऊन गायरानात निघालाय.  घरी आल्यावर ह्यांनी शिट्टी खुंटीवरनं काढून ट्रंकेत ठेवली.

आता ठकुबाईचं डोकं बघ. ती ओसरीवर बसून सगळं ऐकत व्हती. जावई परत वर गेले (फोटो काढायचे राहिले म्हणं) तशी म्हणली, सुलू, एवढं शिकलीस पण तुला कळंना कसं? जावई रुसलाय. आक्का, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुसलेला जावई घरात येतो का? न्हाई. बाहेर बसतो. आपल्या दाजींचं न्हाई का, लग्नात मनगटी घड्याळासाठी पंगत सोडून गुरांच्या गोठ्यात जाऊन बसले व्हते (रागावू नको, सगळ्या वऱ्हाडानं बघितलंय). काय पायजे विचारलं की म्हणायचे, काही नको. अन् हितं पण तेच. मी जावयांना विचारलं व्हतं, बापू, धोंड्याला काय करू तुमाला, तर म्हणले, काही नको मम्मी. गादी? नको. कूलर? नको. घर सुद्धा नको. ह्यापेक्षा मोठा रुसवा मी जन्मात बघितला न्हाई. मग कशानं रुसला ह्याचा शोध सुरू झाला. ठकुबाई म्हणली मानपानात कमी पडलं. हे म्हणले पत्रिकेत नाव चुकलं व्हतं. मला मात्र पक्कं आठवलं, तुझ्या गोरखनं लग्नात कान पिळला तो. रत्नाला सख्खा भाऊ न्हाई म्हणून त्याला मान दिला, अन् त्यानं तालमीतल्या हातानं पिळला. दोन दिस कान लाल व्हता. रीतीपुरता पिळायचा असतो, उपटायचा नसतो, हे तू त्याला अजून सांगितलं नसशील तर सांग.

मग काय, समजूत काढायला निघालो. हे, मी, ठकुबाई, सरपंच, अन् वाटेत जो भेटला तो. बरोबर टॉवेल, टोपी, नारळ, हळदकुंकू. वर जावई झाडाखाली आडवे पडलेले, ते आम्हाला बघून दचकून उठले. सरपंचांनी त्यांना दगडावर बसवलं, ह्यांनी टोपी घातली, मी नारळ दिला. जावयांचं तोंड असं फुललं की मला वाटलं जमलं. खाली वाकून सगळ्यांच्या पाया पडले, ठकुबाईच्या सुद्धा. म्हणले, एवढा मान मला कुठं मिळाला न्हवता, गावानं असं मनापास्नं दिलं, आता मला कसलीच चिंता न्हाई. हे म्हणले, मग चला घरी. तर जावई म्हणले, घरी कशाला, आता तर गावानंच जागा दिली. आक्का, त्यांना वाटलं तो नारळ गायरानात राहायच्या परवानगीचा. सरपंच खोकायला लागले. ठकुबाई कपाळावर हात मारून खाली बसली. नारळ घेऊन परत रुसलेला जावई आपल्या सात पिढ्यांत झाला न्हाई. ह्यांनी तिथल्या तिथं अंगठी कबूल केली. काही नको. सरपंचांनी धीर देऊन साखळी म्हणायला लावली. काही नको. ठकुबाईला चेव आला अन् तिनं तिची गाभण शेळी लावली, तिचा काय संबंध व्हता देव जाणे. जावई घाबरून एकेक पाऊल मागं सरकत व्हते, अन् मागं करवंदीची जाळी.

तवा माझं डोकं फिरलं. सगळ्यांना म्हणलं, खाली जावा. हे जाईनात तर ह्यांना पण म्हणलं. अन् जावयापुढं उभी ऱ्हायले. मान मर्यादा सगळी गेली. म्हणलं, बापू, आमचं चुकलं असंल तर तोंडावर सांगा, पण माझी पोरगी दोन वर्सांनी माझ्याकडं निजायला यायची व्हती, तिला तुमी दगडधोंड्यात निजवायला निघालाय. आमच्या घराचा एवढा विटाळ झालाय का तुमाला?

जावयांच्या डोळ्यांत पाणी आलं, टोपी तशीच डोक्यावर.  त्या पठारावर एकाच दगडावर उभं राहिलं की रेंज येती, त्यावर मला हाताला धरून चढवलं, रत्नाला फोन लावला अन् माझ्या कानाला दिला. अन् स्वतः लांब जाऊन उभे ऱ्हायले. मी तिला बोल बोल बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् मग म्हणली,

"आई, हे त्यांचं नाही, माझं आहे. मी घरी आले की तू मला भेटतच नाहीस. चुलीपुढं तुझी पाठ दिसते, नाहीतर चहाचा ट्रे दिसतो. सगळं गाव मला बघायला येतं आणि तू त्यांना चहा करतेस. मला दोन रात्री आई पाहिजे. तंबू तिघांचा आहे."

आक्का, मी त्या दगडावर नुसती उभी. कॅम्प म्हणल्यावर बसला न्हवता, फावडं बघून बसला न्हवता, एवढा धक्का मला ह्या एका वाक्यानं बसला. म्हंजे पाय दुखतात का, गारठा सोसतो का, ती सगळी पाहणी माझी चालली व्हती. मी झोपू शकंन का म्हणून ते पोरगं जागोजागी पडून बघत व्हतं. लई रडू आलं. पण जावयासमोर रडायचं न्हाई म्हणून जाळीकडं तोंड केलं अन् उगाच करवंदं तोडत बसले, कच्ची सुद्धा तोडली. मग राग आला. म्हणलं, भवाने, हे आधी सांगता येत न्हवतं? तर म्हणली, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग म्हशीचं काय. आक्का, खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात तेच व्हतं.

तर आता असं ठरलंय. येत्या शनिवारी दुपारी घरात धोंड्याचं जेवण, ओवाळणं, दिवा, सगळं रीतीनं. गावाला बघू दे. अन् ऊन उतरलं की ती दोघं वर जाणार, मागनं मी. ह्यांना पण सांगितलं. मग म्हणले, जा. अन् थोड्या वेळानं म्हणले, ती बॅटरी घेऊन जा, लांबपर्यंत उजेड पडतो. बस, एवढंच. बाकी सगळं ठीक. घरातल्या थोरांच्या पायाला अन् धाकट्यांच्या गालाला माझ्या नावानं हात लाव. उत्तर अजहरच्याच हाती दे.

तुझीच,
सुलू

ता. क. हे सगळं तुला गंमत म्हणून लिव्हलेलं न्हाई. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं निघून ये अन् सोमवारपर्यंत म्हशीची धार तू काढ. ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत न्हाई, पण तुझा आवाज माझ्यासारखाच हाय; माझं लुगडं नेस अन् शिव्या दे, म्हंजे तिला कळणार न्हाई. ह्यांना जवळ जाऊ देऊ नको. हे म्हशीला भितात, ते गावात कुणाला ठाव न्हाई.

ता. क. दुसरं. गावात मी सांगितलंय की जावई अन् रत्ना दोघंच वर राहणार, अन् मी कामथडीला चाललेय, कारण आक्का लई आजारी हाय. (सासू जावयाच्या तंबूत निजली म्हणल्यावर ठकुबाई जगायची न्हाई.) म्हंजे तुला तिकडं आजारी पण पडायचंय अन् हितं धार पण काढायचीय. पदर पुढं ओढून घे. कुणी हटकलं तर मीच धारेपुरती परत आलेय असं दाखव, अन् आक्का कशी हाय विचारलं तर तूच सांग, बरी हाय म्हणावं.

ता. क. तिसरं, अन् हे कुणाला वाचून दाखवू नको. लग्न झाल्यापास्नं ह्या घराबाहेर मी निजले ती बाळंतपणात अन् दवाखान्यात. मी रत्नाला विचारलं, वर दोन दिस करायचं काय? तर म्हणली, आई, काहीच करायचं नाही. तुझं वय माझ्यापेक्षा जास्त हाय म्हणून विचारते, आक्का, ते कसं करतात गं?